बाबांचे ३१ खंड आणि सुरुवात नसलेला पाटकरी

जेलरोडची_मी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, आज गरज पडली म्हणून पहिल्यांदाच धागा काढतेय.

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. मार्चमध्ये गेले. परवा माळा आवरायला घेतला तेव्हा पत्र्याच्या दोन ट्रंकांत ३१ बांधीव खंड निघाले. लहानपणापासून बघत होते, पण घरात त्यांना "बाबांची कागदं" म्हणायचे आणि कागदांना हात लावायचा नाही असा दंडक होता. त्यामुळे उघडून पाहण्याचा प्रसंग आला तो आत्ता, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी.

प्रकार असा आहे. घरात किर्लोस्कर, माणूस, साधना, हंस, नवल, कधीमधी सत्यकथा यायचे. काही विकत, बरेचसे क्वार्टर्समध्ये फिरत फिरत शेवटी आमच्याकडे येऊन थांबलेले. अंक वाचून झाला की बाबा पिना उचकटून आवडलेला लेख वेगळा काढायचे, उरलेला अंक रद्दीत. दीडदोनशे पानं साठली की बाइंडरकडे. प्रत्येक खंडाच्या सुरुवातीला स्वतः आखलेली अनुक्रमणिका: लेख, लेखक, मासिक, आणि शेवटच्या रकान्यात शेरा.

हे शेरे वाचत मी माळ्यावरच दोन तास बसले होते. "उत्तम. सावकाश वाचणे." "माहिती खरी, भाषा सरकारी." "शेवट फसला." एका कथेपुढे नुसतं "हिला दाखवणे". त्याखाली आईच्या अक्षरात, वेगळ्या शाईने, "पाहिली. बरी आहे."

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, याचं करू काय? मुलगा म्हणतो स्कॅन करून टाकूया सगळं आणि देऊया ग्रुपवर. भाऊ म्हणतो वाचनालयाला दे. दोन, खंड १७ मध्ये एक लेख आहे, कालव्यावरच्या पाटकऱ्याबद्दल, म्हणजे शेतांना पाटाचं पाणी वाटून देणाऱ्या माणसाबद्दल. रात्री कंदील घेऊन पाटाच्या कडेने जाणं, पाण्याच्या पाळीवरून होणाऱ्या मारामाऱ्या, पाणी मागायचे सात नंबरचे फॉर्म, आणि अंधारात पाण्याच्या नुसत्या आवाजावरून कुणी चारी (शेताकडे जाणारा छोटा पाट) फोडली ते ओळखणं. असं काही मी मराठीत वाचलेलं नाही. पण पहिलं पान गायब! लेख एकदम वाक्याच्या मध्यातून सुरू होतो. अनुक्रमणिकेत लेखकाची जागा कोरी, मासिकाचीही कोरी, आणि शेरा "अप्रतिम. सु. ९." सुंदर, दहापैकी नऊ असं असावं. बाकी कुठे गुण दिलेले दिसले नाहीत. कुणी वाचलाय का हा लेख?

जुनापुराणा
ताई, वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण राग येणार असेल तर पुढचं वाचू नका. अंक फाडणं हा गुन्हा आहे. सत्यकथा १९८२ मध्ये बंद पडलं, माणूस १९८६ मध्ये. त्या अंकांचा एक एक सुटा अंक मिळवायला मी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारापासून मुंबईच्या फुटपाथपर्यंत पायपीट केली आहे. अंक म्हणजे फक्त "चांगले लेख" नव्हेत. संपादकीय, वाचकांची पत्रं, पानपूरकं, साबणाच्या जाहिराती, मागच्या अंकातल्या चुकीची दुरुस्ती, हे सगळं मिळून अंक होतो. तुमच्या वडिलांनी ३१ खंड वाचवले आणि त्यापायी तीनेकशे अंक मारले.

जेलरोडची_मी
राग नाही आला. पण तीनेकशे अंक दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ठेवायचे कुठे होते, हे आईला विचारायला हवं होतं तुम्ही.

निफाडची_थंडी
जुनापुराणा, आमच्या तीर्थरूपांनी एकही अंक फाडला नाही. अख्खी कपाटं भरून होती. ते गेल्यावर घर विकायची घाई, रद्दीवाला आला, तागडी लावली, टेम्पो भरून गेला. कपाटात काय आहे हे आम्हा तिघा भावंडांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं, कारण कुठे काही लिहूनच ठेवलेलं नव्हतं. हे ३१ खंड वाचले ते त्यांच्यावर अनुक्रमणिका होती म्हणून.

खळ_आणि_पुठ्ठा
आमचं तीन पिढ्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं भद्रकालीत, आता नाही. तुमचे फोटो पाहिले. काम चांगल्या हाताचं आहे. कापडी पाठ, खळ (चिकटवायची पिठाची लापशी) शिजवलेली दिसते. आमचे आजोबा खळीत मोरचूद टाकायचे, त्याने कसर आणि झुरळं लांब राहतात. पुठ्ठ्याच्या आतल्या कडेला निळसर डाग आहेत तो तोच. लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, विषारी असतं.

काही गोष्टी लगेच करा. जिथे पिना राहिल्यात त्या काढा, गंज कागद खातो. सुट्या झालेल्या पानांना सेलोटेप अजिबात लावू नका. पाच-सात वर्षांत टेप सुटते आणि चिकट तपकिरी पट्टा कायमचा राहतो. पानं पिवळी पडलीत त्याला इलाज नाही, लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आहे, उजेडात ठेवाल तर आणखी करपेल. ट्रंक बरी होती, पण पत्रा पावसाळ्यात आतून घामेजतो. लाकडी कपाट, भिंतीपासून चार बोटं पुढे. डांबर गोळ्यांपेक्षा वेखंडाची पुरचुंडी ठेवा, वास सहन होतो.

आणि एक वाईट बातमी. कटिंगला लावताना बाइंडरने तिन्ही बाजूंनी जरा जास्तच मारलंय. पानाच्या तळाशी मासिकाचं नाव आणि महिना असतो ना, ती ओळ बऱ्याच ठिकाणी गेलेली दिसते. आम्हीही हेच करायचो. गिऱ्हाइकाला कडा सरळ लागायच्या, तळची ओळ कुणी मागितली नाही.

गोदाकाठ
२००८ च्या पुरात आमच्या सराफ बाजारातल्या घरी खालच्या मजल्यावर कमरेएवढं पाणी. दिवाळी अंकांची आख्खी रांग भिजली. मी शहाणपणा करून सगळे अंक गच्चीत उन्हात पसरले. आर्ट पेपरची मुखपृष्ठं आणि रंगीत पानं एकमेकांना अशी चिकटली की शेवटी विटाच झाल्या. 'आवाज'च्या त्या खिडक्या उघडायच्याच राहिल्या कायमच्या.

२०१६ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा एका मित्राने सांगितलेलं केलं. भिजलेले गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवले. गोठलं की बुरशी थांबते आणि आपल्याला वेळ मिळतो. मग दोन-दोन अंक बाहेर काढायचे, पानांमध्ये टीपकागद, पंख्याखाली, सावलीत. दोन महिने चाललं होतं. आइस्क्रीमवाला अजून मला "अंकवाले काका" म्हणतो. ताई, नाशिकरोडला पुराची भीती नसेल, पण माळ्यावर पाण्याची टाकी आहे का ते बघून घ्या.

सातपूर_फर्स्टशिफ्ट
मी तिशीतला आहे, माझ्याकडे कागद नाही. पण आजार तोच. लेख साठवायच्या एका ॲपमध्ये दहा वर्षांत अकराशे लेख टाकले होते. २०२५ च्या जुलैत ते ॲप बंद झालं. यादी उतरवून घेतली आणि एकेक लिंक उघडत बसलो. मराठी ब्लॉगांचे तर निम्मे पत्तेच मेलेले. "पुढे वाचू" म्हणून ठेवलेलं पुढे वाचलंच नव्हतं हेही त्याच वेळी लक्षात आलं.

आता पद्धत बदलली आहे. खरोखर वाचून झालेला लेखच ठेवतो, पीडीएफ करून. फाइलच्या नावात साल, लेखक, मथळा. सोबत दोन ओळी, का ठेवला त्याच्या. वर्षाला पंचवीस-तीसच होतात. काकांचे शेरे वाचून वाटलं, आपण काही नवं केलेलं नाही.

अर्धा_कटिंग
डीटीपी करतो (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवतो), म्हणून माझे चार आणे. २००२ मध्ये इथल्या एका दिवाळी अंकाचं काम केलं होतं. सीडी जपून ठेवली होती, परवा उघडली. युनिकोडच्या आधीचा फॉन्ट, सॉफ्टवेअर केव्हाच इतिहासजमा. पडद्यावर नुसते कंस, टक्क्यांची चिन्हं आणि परकी अक्षरं. एक ओळ वाचता येत नाही. त्याच अंकाची छापील प्रत आईने शेवयांच्या डब्याखाली घातली होती, ती खडखडीत आहे. स्कॅन जरूर करा, ३०० डीपीआय, रंगीत, पण खंड फेकू नका.

रविवार_कारंजा
मला तो पाटकरी स्वस्थ बसू देत नाही. ताई, कात्रणाचा खरा मजकूर पाठीमागे असतो! लेखाच्या पानांवर एखादी जाहिरात आहे का? पत्ता कसा छापलाय? किंमत कशी लिहिलीय? आणि लेखात घरांत, कांहीं, पाण्यांत असे अनुस्वार आहेत की नाहीत?

जेलरोडची_मी
शेवटच्या पानाच्या पाठीला खोकल्याच्या औषधाची अर्धी जाहिरात आहे. किंमत ७५ पैसे, पत्त्याच्या शेवटी "मुंबई ४". अनुस्वार फार नाहीत, "नाहीं" कुठेच नाही.

रविवार_कारंजा
झकास. "नये पैसे" म्हणणं १ जून १९६४ ला बंद झालं, म्हणजे त्यानंतरचा. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, त्याआधी मुंबई ४, पुणे २ असंच लिहीत. ही वरची मर्यादा मात्र पक्की समजू नका, जाहिरातींचे जुने ब्लॉक (छपाईचे ठसे) पडलेले असायचे आणि जाहिरातदार ते पुढेही वापरत. असे अनुस्वार काढून टाकणारे शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ चे, ते जुळतं. "अि", "अु" अशी बाराखडी दिसती तर किर्लोस्करच्या छापखान्याकडे बोट दाखवलं असतं. ती आहे का?

जेलरोडची_मी
नाही. साधीच इ, उ. आणखी एक सापडलं. लेखात म्हटलंय, कोयनेच्या भूकंपानंतर साहेबांनी रोज बंधाऱ्याला चक्कर मारायला लावली.

रविवार_कारंजा
अहो, हे आधी सांगायचं! कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७. म्हणजे १९६८ ते १९७२, फार तर ७३. घर बसल्या आठ-नऊ वर्षांची पाच झाली.

जुनापुराणा
आणि अख्खा अंक असता तर मुखपृष्ठावर छापलेलं साल दोन सेकंदांत दिसलं असतं. असो.

गंगापूर_रोडचा_वकील
मुलाला थांबवा ताई. स्कॅन घरात ठेवायला, स्वतः वाचायला, अभ्यासाला काहीच हरकत नाही. ग्रुपवर टाकणं वेगळं. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. मासिक बंद पडलं म्हणून लेख मोकळा होत नाही. बाहेरून लिहिणाऱ्यांचा हक्क बहुतेक वेळा लेखकाकडेच असतो, म्हणजे आता वारसांकडे.

अनुक्रमणिका मात्र बिनधास्त जाहीर करा. मथळा, लेखक, मासिक, महिना ही माहिती आहे, तिच्यावर कुणाचा हक्क नसतो. शेरे वडिलांचे, ते तुमच्या घरचे.

निफाडची_थंडी
+१. शं. ग. दात्यांनी १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची एकहाती म्हणावी अशी उभी केली, तिच्यावर किती जणांचे प्रबंध उभे आहेत. मासिकांत पडून राहिलेल्या लेखांचं तसं कोण करणार? लेखक नावाजला तर पुस्तक निघतं आणि लेख तगतो. एकच चांगला लेख लिहून गप्प बसलेल्या माणसाचं काय? तुमच्या पाटकऱ्याचं हेच झालंय. सावाना (सार्वजनिक वाचनालय नाशिक) १८४० पासून आपल्या शहरात आहे, तिथे बांधीव अंक मागून बघायचे तरी कोणता अंक मागायचा हे आधी माहीत हवं.

डब्लिनहून_मुक्काम
मूळची पंचवटीची. सगळा धागा एका बैठकीत वाचला. एक शंका. बाकी कुठेच गुण दिलेले नाहीत म्हणता, मग याच लेखाला कसे? आणि गुण देणारा माणूस "९" लिहील की "९/१०"? सु. म्हणजे सुरुवात तर नव्हे? सुरुवात खंड ९ मध्ये?

जेलरोडची_मी
थांबा. ट्रंक गच्चीच्या खोलीत हलवलीय. बघून येते.

सातपूर_फर्स्टशिफ्ट
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जेलरोडची_मी
सापडलं!!

खंड ९ मध्ये विहिरी खणणाऱ्या वडारांवर एक लेख आहे. त्याचं शेवटचं पान उलटलं तर पाठीला पाटकऱ्याचं पहिलं पान. पाठपोट. अंक एकच, पान एकच, दोन्ही लेख हवे होते. आधी विहिरींचा लेख बांधायला गेला होता, पाटकरी मागाहून कधीतरी त्यांच्या मनात भरला असणार. पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने "उर्वरित १७". जुनापुराणा, तुम्हाला हसू येत असेल तर हसा, हक्क आहे तुमचा.

आता खरी गोष्ट. आम्ही सगळे समजत होतो की कुणी पत्रकार पाटकऱ्याबरोबर रात्रभर हिंडला. मथळ्याखाली लेखकाचं नाव आहे "एक पाटकरी". त्यानेच लिहिलंय.

मासिकाचं नाव खंड ९ च्या अनुक्रमणिकेत आहे, पण महिना-साल नाही. ती सवय बाबांना पुढे लागली. नाव खात्री झाल्याशिवाय इथे लिहीत नाही, ज्यांच्याकडे जुने अंक आहेत त्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. तळची ओळ कटिंगमध्ये अर्धी गेली आहे. अक्षरांची फक्त डोकी उरलीत. फोटो टाकला आहे, कुणाला काही उमगतंय का?

खळ_आणि_पुठ्ठा
वरचा अर्धा उरलाय हे नशीब. खालचा उरला असता तर काहीच कळलं नसतं. आपल्या लिपीचा सगळा ऐवज डोक्यावर असतो, मात्रा, वेलांट्या, रफार, टिंब. टॉर्च बाजूने, आडवा धरून अजून एक फोटो काढा ना.

अर्धा_कटिंग
नवा फोटो मोठा करून पाहिला. पहिल्या अक्षरावर ऱ्हस्व वेलांटी. दुसऱ्यावर मात्रा आणि तिच्यावर टिंब. मग दोन साधी डोकी. नोव्हेंबर असता तर सुरुवातीला काना-मात्रा दिसती. सप्टेंबरला वेलांटी नाही. दिवाळीला शेवटी दीर्घ वेलांटी हवी. हा डिसेंबर आहे. साल १९ दिसतं, पुढचे दोन आकडे पुसट. तिसरा ६ किंवा ७, शेवटच्याला वर गाठ आहे, इतकंच सांगू शकतो.

रविवार_कारंजा
डिसेंबर १९६७ चा अंक भूकंपाआधीच छापून गेला असणार, तो बाद. उरले ६८, ६९, ७०, ७१, आणि जाहिरातदार आळशी असेल तर ७२. पाच अंक, मंडळी. पाच.

गंगापूर_रोडचा_वकील
आणि साल नेमकं का हवं ते ऐका. टोपणनावाने छापलेल्या लेखनाला हिशेब वेगळा. लेखक कोण हे उघड झालेलं नसेल तर प्रकाशनापासून ६० वर्षं, पुढच्या जानेवारीपासून मोजायची. डिसेंबर १९६८ चा असेल तर २०२८ संपलं की कुणीही छापावा. १९७१ चा असेल तर २०३१. अर्थात उद्या पाटकऱ्याचं नाव सापडलं तर गणित फिरतं, मग त्याच्या मृत्यूपासून ६०.

निफाडची_थंडी
म्हणजे त्याला शोधायचा की नाही?

जेलरोडची_मी
शोधायचा. बंधाऱ्याचं नाव लेखात आहे, आपल्याच जिल्ह्यातलं. त्याची नातवंडं असतील कुठेतरी, आजोबा मासिकात छापून आले होते हे त्यांना माहीत तरी आहे का? खंड १ ते ५ ची अनुक्रमणिका मुलाने टाइप केली आहे, उद्या इथे टाकते. शेऱ्यांसकट. आईला विचारलं, तिची हरकत नाही, "पाहिली. बरी आहे." तेवढं गाळ म्हणाली.

जुनापुराणा
व्यनि मिळाला. त्या मासिकाचे ६९ आणि ७० चे डिसेंबर माझ्याकडे आहेत. अख्खे. कपाटाच्या मागच्या रांगेत आहेत, पुढची रांग काढावी लागेल. रविवारी बघतो. आणि ताई, ते वाक्य गाळू नका.